वीतभर सरकलं आणि अडलं

ठोक्या त्या दिवशी उजाडायच्या आत उठला. दाढी केली, डोक्याला तेल चोपडलं आणि बायकोनं चांगल्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला सदरा अंगावर चढवला. बायकोनं एक डोळा उघडून विचारलं, कोठार हलवायला निघालात की त्याला मागणी घालायला? एरवी यावर त्यानं काहीतरी ठेवणीतलं ऐकवलं असतं, पण आज त्याचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. चहा त्यानं उभ्याउभ्याच घशाखाली ओतला, जीभ भाजून घेतली, आणि दुपारचा डबा घेऊन नक्की ये, पुढेच उभी राहा, असं चार वेळा बजावून तो बाहेर पडला.

ठोक्या लोहार होता. खरं नाव त्याला होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. तो ज्या टोळीत होता तिचं काम म्हणजे खेड्यापाड्यांतल्या जुन्या वास्तू सांभाळायच्या. एका संस्थेनं अशा एकोणीस वास्तू ताब्यात घेतल्या होत्या. त्यात पाणचक्क्या होत्या, एक कबुतरखाना होता, पुलावरची एक चौकी होती, गोठे आणि कोठारं होती. सहा माणसांची ही टोळी एका खडखडणाऱ्या टेम्पोतून वर्षभर त्यांच्या प्रदक्षिणा घालायची. एका ठिकाणची कौलं बसवून होतायत तोवर दुसऱ्या ठिकाणचा पाया खचलेला असायचा, आणि तिथं पोचेपर्यंत पहिल्या ठिकाणी माकडं येऊन गेलेली असायची.

टोळीची मुकादम एक सुतारीण होती. पन्नाशीची, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की दोन शेतांपलीकडची गुरं मान वर करत. तिला सगळे ताई म्हणत. तिच्या खालोखाल मान गवंडीमामांचा. मामांनी जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती आणि त्यांच्या मते तशी वेळच आली नव्हती. जुनी वास्तू म्हणजे लाकूड आणि दगड, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की लोहाराची आठवण व्हायची ती बिजागरी कुरकुरली तरच. पंचवीस वर्षं ठोक्या खिळे ठोकत आला होता. तुळईकडं बघून लोक माना डोलवतात, खिळ्याकडं बघून कोण डोलवणार? म्हणून त्या साखळीवर त्याचा जीव जडला तर त्यात नवल काय.

कोठार नदीच्या काठावर होतं. नऊ दगडी पायांवर उभी केलेली, फळ्यांच्या भिंतींची दोनशे वर्षांची लाकडी खोली. उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक पायावर ताटाएवढा गोल दगड. आणि पुरात कोठार वाहून जाऊ नये म्हणून त्या काळच्या लोकांनी मागच्या अंगानं त्याला चक्क बांधून ठेवलं होतं. कोठाराच्या तळातल्या जाड तुळईतून एक लोखंडी साखळी निघायची ती खाली जमिनीत पुरलेल्या दगडात शिशानं पक्की केलेली. एकतीस कड्या, एकेक अंगठ्याएवढी जाड. सहा महिन्यांपूर्वी ती सापडली तेव्हा गंजाचा नुसता लोळागोळा होता. मामांचं म्हणणं होतं की भंगारात द्या. ठोक्या मात्र तिथंच मांडी ठोकून बसला. तीन महिने पोटावर पडून, कोठाराच्या खाली अर्धा घुसून, त्यानं एकेक कडी घासली, तेल पाजलं, आच देऊन काळी केली. संस्थेच्या मोठ्या बाई, म्हणजे सगळ्या एकोणीस वास्तू ज्यांच्या सहीनं चालतात त्या, बघायला आल्या आणि बघतच राहिल्या. त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर ना तुळई आली ना कमान. आली ती ठोक्याची साखळी, आणि खाली छापलं होतं, 'एकतीसच्या एकतीस कड्या मूळच्या.'

इथंच तर गोम होती. एकतीस नव्हत्या. तीस होत्या.

लोखंड सगळ्यात आधी सडतं ते माती आणि हवा जिथं एकमेकांना भेटतात तिथं. नेमक्या त्या जागेवरची एक कडी बोट लावताच पापडासारखी मोडली होती. ठोक्यानं छोटी भट्टी तिथंच आणून, खड्ड्यात बसून, नवी कडी घडवली आणि जागच्या जागी सांधली. अशी कडी त्याच्या हातून आयुष्यात उतरली नव्हती. संस्थेचा नियम साधा होता. नवा तुकडा बसवला की त्याच्या लपत्या अंगाला वर्षाचा शिक्का मारायचा, म्हणजे पुढं येणारा फसत नाही. ठोक्याच्या हातात शिक्का होताही. पण तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, भिंग काढून वाकल्या, प्रत्येक कडी निरखली आणि म्हणाल्या की ही सगळी एकाच हातची आहे, काय माणूस असेल तो. ठोक्यानं सांगायला तोंड उघडलं. पण ते वाक्य कानाला इतकं गोड लागलं होतं, की जरा एक रात्र तरी ते ऐकत झोपावं म्हणून त्यानं शिक्का खिशात टाकला. उद्या मारू म्हणाला. उद्याचा परवा झाला, मग अहवाल छापून आला, आणि मग तर सांगायची सोयच उरली नाही.

आणि आता त्या साखळीच्या जोरावर त्याला शाळा मिळणार होती. पाणचक्कीशेजारी एक जुनं लोहाराचं घर पडून होतं. भाता, ऐरण, धुराडं, सगळं जागेवर. तिथं लोहारशाळा काढायची, चार शिकाऊ ठेवायचे आणि वर ठोक्याला बसवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. कोठार सुखरूप हललं की सगळ्या गावासमोर आज त्या हे जाहीर करणार होत्या. वीस वर्षं ठोक्या हे स्वप्न बघत होता. बायकोला त्यानं भात्याची जागासुद्धा बदलून दाखवली होती, जेवणाच्या ताटावर, वाट्या इकडच्या तिकडं करून.

कोठार हलवायची वेळ आली होती ती नदीमुळं. गेल्या पुरानं काठ खाल्ला होता आणि आता कोठारापासून कडा जेमतेम तीन पावलांवर होता. वरच्या धरणातून दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटणार असल्याचा निरोप आला होता. कचेरीतल्या शहाण्यांचं मत, कोठार सुटं करा, फळ्यांवर नंबर टाका आणि गोदामात ठेवा. ताई म्हणाली, गोदामात गेलेली वास्तू परत उभी राहिलेली मी अजून बघितली नाही. कोठार अखंड हलवीन, तीस पावलं, उंचावर, एक फळी न उचकटता. बाईंनी मान्य केलं, पण एका अटीवर. आज संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर अंधार पडायच्या आत सुटं करायची माणसं कामाला लागतील. ती माणसं पहारी घेऊन आलीच होती आणि झाडाखाली पत्ते खेळत होती. त्यांच्याकडं बघून ताईचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं.

सगळं गाव लोटलं होतं. पोरं झाडांवर, म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन पहिल्या रांगेत. आठवडाभर जॅक लावून कोठार पायांवरून बोटभर उचललं होतं. खाली दोन लांबलचक तुळया रुळांसारख्या घातल्या होत्या आणि मध्ये लोखंडी पाइप, चाकांच्या जागी. समोर जमिनीत रोवलेले दोन विंच, त्यांच्यावरून आलेले तारदोर, आणि त्यांच्या दांड्यांवर टोळीतले दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, हात चोळत उभे. वरती मामांनी नवे नऊ पाय बसवून ठेवले होते आणि ते पाणसळीत, म्हणजे अगदी एका पातळीत, आहेत हे ते येईल त्याला सांगत होते, न विचारता.

ठोक्याला काम दिलं होतं ते आत बसायचं. ताईची रीत होती, वास्तू हलवताना आत जमिनीवर पाण्याची परात ठेवायची आणि एका माणसानं तिच्याकडं डोळे लावून बसायचं. पाणी एका अंगाला गेलं की ओरडायचं. आत बसणारा वजनानं हलका हवा आणि बाहेर त्याचं फारसं काम नसावं, म्हणजे ठोक्याच. इतर दिवशी तो यावर कुरकुरला असता. आज तो नवरदेवासारखा आत जाऊन बसला. जाण्याआधी त्यानं शेवटचं एकदा वाकून साखळी बघितली. दणक्यात तिला खरचटू नये म्हणून कालच त्यानं ती गोणपाटात गुंडाळली होती, वर सुतळी बांधली होती आणि चिठ्ठी लावली होती, 'हात लावू नये'. कुणी लावला नव्हता.

"ओढा," ताई म्हणाली. ती ओरडली नव्हती, तरी झाडावरचे पक्षी उडाले.

विंचांचे दात कटकट कटकट वाजू लागले. तारदोर ताणले गेले. आत अंधारात ठोक्या परातीवर वाकला होता. पाण्यावर बारीक लहरी उठल्या आणि मग, देवाशपथ, त्याच्या बुडाखालची जमीन चालायला लागली. दोनशे वर्षं एका जागी उभं असलेलं ते धूड म्हाताऱ्या बैलासारखं एकदा कण्हलं आणि निघालं. फळ्यांच्या फटींतून येणारी उन्हाची पट्टी त्याच्या मांडीवरून सरकत गुडघ्यावर आली. बाहेर टाळ्या, शिट्ट्या, पोरांचा गोंगाट. ठोक्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आपण परातीतलं बघतोय की डोळ्यांतलं हेच त्याला कळेना. फटीतून तो ओरडला की पाणी स्थिर आहे, आणि त्याच क्षणी कोठार थांबलं.

वीतभर सरकलं होतं. बस.

भावांनी आणखी जोर लावला. पाइप फिरेना, कोठार हलेना. कुठूनतरी खोलातून लाकूड करकरलं, तसा ताईनं हात वर केला आणि दोघं थांबले. टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले. मग जे होतं ते झालं, म्हणजे घोडं कुठं अडलं यावर प्रत्येकाकडं उत्तर होतं. थोरला म्हणाला डावा पाइप तिरका बसलाय. धाकटा म्हणाला उजवा. मामा म्हणाले, की पाय तर पाणसळीत आहेत, मी आधीच सांगून ठेवतो. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीचं मत पडलं की वास्तूला जायचं नाहीये, तिला विचारलंत का? झाडाखालच्या माणसांनी पत्ते गोळा केले आणि पहारी उचलल्या. ताईनं सगळे पाइप हातानं चाचपले, रुळांना साबण चोळला, आणि परत एकदा ओढायला लावलं. परत तेच. बाईंनी घड्याळ बघितलं. शेवटी ताईनं टोळीतल्या सहाव्या गड्याला, ड्रायव्हरला, टेम्पो आणायला सांगितला. टेम्पो जोडायचा, दोन विंच आणि टेम्पो एकदम, शेंडी तुटो वा पारंबी.

आत ठोक्या परातीकडं बघत होता. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा पाणी पुढं गेलं नव्हतं, मागं गेलं नव्हतं. ते एका कोपऱ्याकडून थरथरलं होतं. मागच्या डाव्या कोपऱ्याकडून. कुणीतरी कोठाराचा पदर मागून धरून ठेवावा तसं.

मागचा डावा कोपरा. ठोक्यानं मान वळवली. मग खाली फळीकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. सहा माणसं सहा महिने त्या साखळीला जपत होती. पाऊल टाकताना ती ओलांडून टाकत होती, पाहुण्यांना दाखवत होती, नकाशात तिला लाल रंगानं रंगवत होती. तिला हात लावू नये हे एवढं अंगवळणी पडलं होतं की ती कशासाठी आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. कोठार जागचं हलू नये म्हणूनच तर ती तिथं होती. जगात दुसऱ्या कुठल्या टोळीनं ही चूक केली नसती. आधी त्यांनी ती साखळी भंगारात घातली असती.

बाहेर टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

ठोक्याच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो त्यानं पुढं कधी कुणापासून लपवला नाही. टेम्पोनं ओढलं तर साखळीच तुटेल. आपोआप तुटेल, अपघात म्हणून खपेल, नवी कडी कुठली आणि जुनी कुठली कोण विचारतंय? शाळा शाबूत. पण हा विचार अर्धाच राहिला, कारण त्यानं ती साखळी तीन महिने पोटाशी धरली होती. ती तुटणार नव्हती. तिची ताकद त्यानंच तिला परत दिली होती. तुटणार होती ती तिच्या वरच्या टोकाची तुळई, आणि तुळई गेली की अख्खं कोठार पत्त्याच्या बंगल्यासारखं बसणार.

तो परात ओलांडून, अर्धं पाणी नव्या विजारीवर घेत, दारातून बाहेर पडला आणि टेम्पोच्या पुढं जाऊन उभा राहिला. साखळी आहे, तो म्हणाला. साखळी सोडलीच नाही आपण.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग ताई कोठारामागं धावली, तिनं गोणपाट टरकावलं आणि ती तशीच उभी राहिली. एकतीस कड्या वीणेच्या तारेसारख्या ताणलेल्या. चिठ्ठी अजून लटकतच होती. ताईनं ती वाचली, ठोक्याकडं बघितलं, आणि तिला हसू आलं. ते इतकं जोरात आलं की तिला खाली बसावं लागलं. मग मामा हसले, भाऊ हसले. बाई हसल्या नाहीत.

वरचं टोक तुळईतून आरपार नेऊन मागं ठोकून पसरवलेलं होतं, खालचं शिशात. सोडवायचं म्हणजे तीन दिवसांचं काम. ताई उठली, डोळे पुसले आणि म्हणाली कापा, कुठंही कापा. बाई मध्ये आल्या. दोनशे वर्षांची अखंड साखळी आहे, आपण मूळची वस्तू कापत नाही, हा नियम मोडायचा तर मग आपण इथं करतोय काय? ताईचा आवाज चढला. साखळीसाठी कोठार बुडवायचं का? बाईंचा आवाज चढला नाही, पण त्या हलल्याही नाहीत. कोठार सुटं करूनही वाचतं, त्या म्हणाल्या, आणि पहारीवाल्यांना त्यांनी जवळ बोलावलं.

नदीकडं बघितलं तर कड्यापासून हातभर आत जमिनीला एक भेग पडली होती. सकाळी ती नव्हती. मामांनी तिच्यात मूठ घालून बघितली आणि पहिल्यांदाच काही न बोलता बाजूला झाले.

ठोक्याची बायको तेवढ्यात डबा घेऊन येऊन पोचली होती आणि सांगितल्याप्रमाणं अगदी पुढं उभी होती. ठोक्यानं तिच्याकडं बघितलं. ताटावरचा भाता त्याला दिसला, वाट्यांमधून मांडलेला.

"बाई, सगळी जुनी नाहीये," तो म्हणाला. "एक कडी माझी आहे. मीच घडवलेली. शिक्का मारला नाही मी तिच्यावर. ती कापा."

बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला, आणि ते बघणं ठोक्याला फार जड गेलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कोणती?

आणि इथं दुसरी फजिती झाली. कडी होती जमिनीच्या पातळीवरची. पण ती बसवल्यानंतर मामांनी खड्डा आणखी खणला होता, काठ उतरता केला होता, जमिनीची जुनी पातळी कुठली ती उरलीच नव्हती. ठोक्या गुडघ्यांवर बसला. वरून बारावी? तेरावी? चौदावी? त्यानंच एकेक अशी काळी केली होती, त्यानंच टवके जुन्यासारखे ठेवले होते. त्याला त्याची स्वतःची कडी ओळखता येईना. मागं लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं की हा नुसता बनाव करतोय, दुसरं कुणी म्हणालं घाई करा. अंगातला शहाणपणा कितीही असला तरी तो अशा वेळी तोंड लपवतो.

मग त्यानं भावांना विंच सैल करायला लावले. साखळी ढिली पडली. त्यानं कमरेची छोटी हातोडी काढली आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. ताईनं ते परत सांगितलं, तेव्हा पोरं झाडावर श्वास धरून बसली. जुन्या काळचं लोखंड आणि आजचं लोखंड दिसायला कितीही जुळं केलं तरी त्यांचा आवाज जुळत नाही, हे लोहाराच्या कानाला माहीत असतं. अकरावी कडी त्यानं हातात उचलून धरली आणि टिचकी मारल्यासारखी हातोडी मारली. ठक्क. बारावी. ठक्क. तेरावीही तशीच, भरल्या मडक्यासारखी. चौदावी.

टण्ण.

तो आवाज नदीपलीकडं गेला असावा. ठोक्यानं परत मारली, नुसता ऐकायला. मग करवत हातात घेतली. मशीन लाव म्हणून धाकटा पुढं आला, पण ठोक्या नको म्हणाला. शेजारच्या दोन कड्यांना ठिणगी लागायला नको होती. तो हातानं कापत राहिला. थोरला कडी पकडून बसला, ताई करवतीवर तेल सोडत राहिली, आणि ठोक्याच्या पांढऱ्या सदऱ्याचं जे व्हायचं ते झालं. लोखंड चिवट होतं. अर्ध्यात एक पातं मोडलं, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला की च्यायला, काय कडी केलीय, आणि त्याला त्या अवस्थेतही बरं वाटलं. दोन्हीकडून कापून झाल्यावर तुकडा गवतात पडला. साखळीचं वरचं टोक कोठाराला लटकत राहिलं, खालचं दगडाशी.

"ओढा," ताई म्हणाली.

या वेळी ठोक्या आत गेला नाही. परात आत होती आणि बघायला कुणीच नव्हतं, हे ताईच्याही लक्षात आलं नाही. विंच वाजू लागले. वीत, मग हात, मग पाऊल. मागचे पाइप मोकळे झाले की मामा आणि ठोक्या ते उचलून पुढं धावत नेऊन घालायचे. पाचव्या पावलाला बघणाऱ्यांना राहवलं नाही. पहारीवाल्यांपैकी एकानं पहार टाकली आणि पाइप उचलला, मग दुसऱ्यानं. दहाव्या पावलाला म्हाताऱ्या आपापल्या खुर्च्या उचलून कोठाराच्या बाजूनं चालू लागल्या, जशी काही एखादी पाहुणी गावाबाहेर पोचवायची होती. कोठार डुलत होतं, कुरकुरत होतं, त्याच्या छपरातून दोनशे वर्षांची धूळ सोनेरी होऊन झरत होती, आणि ठोक्या लोखंडी पाइप खांद्यावर घेऊन पळत होता. सदरा फाटलेला, गुडघे सोललेले. शाळा गेली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही तो मोठ्यानं हसत होता, आणि आपल्याला हसू कसं येतंय याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं.

सूर्य मावळायच्या बराच आधी कोठार नऊ दगडी पायांवर उतरलं. ताई आत जाऊन आली. परातीत उरलेलं पाणी परातीतच होतं. मामा म्हणाले, मी सांगितलंच होतं. मग भावांनी विंच फिरवून तो पुरलेला दगडही साखळीच्या खालच्या अर्ध्यासकट ओढून वर आणला आणि कोठारामागं, वरच्या टोकाच्या बरोबर खाली ठेवला. अर्ध्या तासानं काठाचा तो भाग भेगेपासून सुटून पाण्यात गेला. फार आवाज झाला नाही. सगळे तिकडं बघत उभे राहिले.

मोठ्या बाई गवतात बसल्या होत्या. कापलेली कडी त्यांच्या ओंजळीत होती आणि भिंग डोळ्याला. ठोक्या जाऊन समोर उभा राहिला. बसायचं धाडस त्याला झालं नाही.

"मी ही स्वतः बघितली होती," बाई म्हणाल्या. "आजही ओळखता येत नाहीये. ही तुमची कला. पण तुम्ही मला तिच्याखाली सही करू दिलीत, ही तुमची लबाडी. माझ्याकडं शिकायला येणारी चार पोरं तुमच्या हातात द्यायची, तर ती दुसरं काय शिकतील?"

बाईंनी सांगितलं की शाळेचं आज काही जाहीर होणार नाही, आणि पुढच्या वर्षी होईल असंही त्या म्हणत नाहीत. अहवालात दुरुस्ती छापावी लागेल, ती तुमच्या हातानं लिहून द्या. त्यांनी कागद आणि पेन पुढं केलं. ठोक्यानं तिथंच खाली बसून, कागद मांडीवर ठेवून लिहिलं. 'चौदावी कडी मी घडवली. शिक्का मारला नाही. आज कापली.' खाली त्यानं पगाराच्या कागदावरचं खरं नाव लिहिलं. बाईंनी वाचलं, घडी केली, आणि कडी त्याला परत दिली.

बायको डबा हातात धरून अजून पुढंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तरी विचारलं, गेली का शाळा? गेली, तो म्हणाला. तिनं त्याच्या सदऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. हाही गेला, ती म्हणाली, आता जेवा, नाहीतर जेवणही जाईल. आणि डबा उघडताना तिनं त्याच्या सोललेल्या गुडघ्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. वीस वर्षं काही थोडी नसतात.

जेवण अर्ध्यावर असताना ताई आली. साखळी अशी तुटकी ठेवून चालणार नाही, ती म्हणाली, वाऱ्यावादळाला कोठार बांधून पाहिजे, कधी जोडतोस? ठोक्या म्हणाला उद्या सकाळी भट्टी आणतो. ताईनं शिक्क्याचं विचारलं नाही, नुसती बघत राहिली. ठोक्यानं घास गिळला आणि म्हणाला की या खेपेला इतका मोठा मारतो की पलीकडच्या काठावरून वाचता येईल.

ऊन उतरलं तशी गर्दी पांगू लागली. जाताना लोक कोठाराला हात लावून जात होते. सकाळी पहिल्या रांगेत बसलेली ती म्हातारी मागच्या बाजूला आली, वरच्या टोकापासून एकेक कडी हातानं चाचपत खाली आली आणि ठोक्याला म्हणाली की सुंदर आहे हो. मग तिनं विचारलं, यातलं तुमचं काम कोणतं?

पंचवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ठोक्या उठला, हात विजारीला पुसला, आणि वरची साखळी जिथं संपत होती आणि खालची जिथं सुरू होत होती त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत त्यानं बोट धरलं.

"ही," तो म्हणाला. "ही माझी."